सुपातून उडालेला कोंडा

नागपूरच्या महाल भागात, चिटणीस पार्काच्या मागच्या गल्लीत बाबारावांचा ब्लॉक बनवायचा कारखाना होता. कारखाना म्हणायचा एवढंच. होत्या तीन खोल्या. पहिलीत बाबारावांची खुर्ची आणि मालाची कपाटं, दुसरीत रुळांवर पुढंमागं सरकणारा माणसाएवढा कॅमेरा, आणि तिसरीत तेजाबाच्या कुंड्या. एकोणीसशे अडुसष्ट साली नागपुरात काही चित्र छापायचं झालं, मग ते लग्नपत्रिकेवरचं असो की तेलाच्या डब्यावरचं, तर आधी ते अशाच एखाद्या खोलीत यायचं. तिथं त्याचा फोटो निघायचा, निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर उतरायची, पत्रा तेजाबात कोरला जायचा, लाकडी ठोकळ्यावर ठोकला जायचा आणि मग छापखान्यात जायचा.

या सगळ्यात मधुकररावांचं काम चित्रामागचं नको ते काढून टाकण्याचं. निगेटिव्ह काचेच्या टेबलावर ठेवायची, खालून दिवा लावायचा. कागदाचा जो जो डाग कॅमेऱ्यानं टिपला असेल, तो काळ्या निगेटिव्हवर उजेडाच्या ठिपक्यासारखा चमकतो. त्या ठिपक्यावर बारीक कुंचल्यानं ओपेक नावाचा लाल रंग भरायचा, म्हणजे छापताना तिथं पांढरं निघतं. सत्तावीस वर्षं ते हेच करत होते. उंच, किडकिडीत, कपाळाला भिंग बांधलेला हा माणूस एका बैठकीत तीन-तीनशे ठिपके बुजवी, आणि उठताना मान मोडून म्हणे, "झालं गंगेसारखं स्वच्छ." त्यांच्या हातच्या ब्लॉकवर मागं एक करडा कण दिसायचा नाही, हे छापखानेवाले बोलून दाखवत आणि मधुकरराव ऐकून न ऐकल्यासारखं करत. पण ऐकत.

त्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, एक शेतकरी दोन फळ्यांच्या मध्ये काहीतरी सुतळीनं बांधून घेऊन आला. डोक्यावर ओला दुपट्टा होता. फळ्या त्यानं टेबलावर अशा ठेवल्या की आत जणू अंडी आहेत.

"नमस्कार जी," तो म्हणाला. "चित्राचा ब्लॉक इथंच बनते नं? संपादकसायबानं धाडलं मले."

त्याचं नाव चंपतराव तितरमारे. कुहीजवळच्या एका खेड्यात त्याची धानाची शेती होती. बाबारावांनी त्याला पाणी दिलं आणि मधुकररावांकडे बोट दाखवलं. चंपतरावानं सुतळी सोडली. आत पेन्सिलीनं काढलेली चित्रं होती, चाळीसएक. कोणी धानाची रोपं उपटून राहिलं होतं, कुठं गाय रवंथ करत बसली होती, कुठं नुसते दोन हात भाकर थापत होते. एक कोंबडी तर इतकी शिष्टपणे मान वळवून बघत होती की मधुकररावांना आपल्या एका मावससासूची आठवण झाली.

"कोणी काढले?"

"घरचीनं. गोपिका नाव हाये तिचं." चंपतराव बोलता बोलता उगाच चित्रं सारखी करू लागला. "चौथी शिकली हाये. हे कोनं शिकवलं नाही जी तिले. तांदूळ शिजेपर्यंत चुलीजवळ बसते अन् काढते."

चित्रं चांगली होती, यात वाद नव्हता. पण ज्यावर ती काढली होती, ते बघून मधुकररावांनी कपाळावरचं भिंग वर सरकवलं. पोरांच्या वापरलेल्या वह्यांची निळ्या रेघांची पानं. किराणाच्या पुड्यांचे कागद, तेलानं अर्धे पारदर्शक झालेले. सोसायटीच्या नोटिशीची पाठ, जिच्यातून छापील अक्षरं उलटी दिसत होती. आणि पुड्या-नोटिशींवर हळदीची बोटं.

"यांचा ब्लॉक नाही बनत," ते म्हणाले. "कॅमेऱ्याले चित्र कोणतं अन् डाग कोणता ते समजत नाही. तो सगळंच घेते. संपादकाले सांगा, पांढऱ्या जाड कागदावर काळ्या शाईनं काढून देतो."

"तेच सांगतलं होतं त्याईनं." चंपतराव खाली बसला. सीताबर्डीवर एका दिवाळी अंकाचे संपादक होते. चंपतराव त्यांच्याकडे चैत्रातच जाऊन आला होता. त्यांना चित्रं आवडली होती. छापता येतील अशी आणा, चार पानं देतो, असा शब्दही त्यांनी दिला होता. "मी इथूनच कागद नेला, चांगला, साबणासारखा पांढरा. शाईची दौत नेली. ती आठ दिवस कागदासमोर बसली जी. एक रेघ नाही आली. म्हने, कोऱ्या कागदावर हात चालत नाही. त्यावर आधी कोनी काही केलंच नाही तं मी कुठून सुरू करू, म्हने."

"काहून? कोरा कागद चावते का?"

"मीही हेच म्हटलं," चंपतराव हसला. "तं दोन दिवस बोलली नाही माह्याशी."

मधुकररावांनी नकार द्यायचं ठरवलं होतं, पण हातात ती कोंबडी होती. त्यांनी ती खिडकीशी नेली, भिंगातून पाहिली. पेन्सिलीची रेघ कुठं केसासारखी, कुठं अंगठ्यानं दाबल्यासारखी. एकदा मारलेली, पुन्हा न गिरवलेली. असली रेघ आपल्याकडे वर्षात एखादी येते, हे त्यांना कळत होतं.

"ठेवून जा," ते म्हणाले. "होईल असं म्हणत नाही. पाहतो."

पैशांचं काय ते बाबारावांनी बाहेरच्या खोलीत ठरवलं आणि चंपतराव चारच्या गाडीनं कुहीला परतला. जाताना दोनदा मागं वळून म्हणाला, "घडी नका पडू देऊ जी तेवढी."

संपादकांनी त्यातली बारा निवडली. मधुकरराव कामाला लागले. वह्यांच्या निळ्या रेघांचं कोडं पहिल्याच दिवशी सुटलं. साध्या फिल्मला फिका निळा रंग पांढराच दिसतो, त्यामुळं रेघा आपोआप गेल्या. हळदीला मात्र हीच फिल्म काळी समजत होती. तिच्यासाठी त्यांनी सगळे रंग ओळखणारी महागडी फिल्म बाबारावांकडून भांडून घेतली आणि भिंगापुढं पिवळी काच लावली; पिवळ्या काचेतून पिवळा डाग दिसत नाही. ती फिल्म लाल दिव्यातही चालत नाही, म्हणून खोलीत ठार अंधार करून, मेच्या उकाड्यात, बनियनवर उभं राहून त्यांनी ती धुतली. बाहेर आले तेव्हा अंगावरून पाणी निथळत होतं. पण हळद गेली होती. बाबाराव म्हणाले, "एवढं तं तुम्ही माह्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेसाठीही नाही केलं."

"तुमच्या पत्रिकेत अशी कोंबडी नव्हती," मधुकरराव म्हणाले.

राहिला तो तेलाचा मळ, पलीकडून उमटलेली अक्षरं आणि बारीक ठिपके. इथं खरी अडचण होती. उजेड जास्त द्यावा तर मळ जातो, पण पेन्सिलीची नाजूक रेघही त्याच्याबरोबर जाते. कमी द्यावा तर रेघ राहते आणि मळही राहतो. मधुकररावांनी उजेड कमी दिला. रेघ वाचवायची आणि मळ हातानं काढायचा, असा सरळ हिशोब. मग जून गेला, जुलै गेला. इतर कामं आटपून ते रोज दीड-दोन तास त्या काचेवर ओणवे होत. घरी जेवताना बायकोला, वच्छलाबाईंना, सांगत. आज गायीच्या पाठीमागची सोसायटीची नोटीस काढली. आज भाकरीच्या हातांवरचं तेल काढलं. वच्छलाबाई ताटात वरण वाढत म्हणत, "दुसऱ्याच्या बायकोच्या हाताचं तेल काढता. आपल्या घरचा कंदील काळा झाला आहे."

सगळ्यात अवघड निघालं ते बारावं चित्र. एक म्हातारी अंगणात उभी राहून, डोक्याच्या वर सूप धरून, कांडलेले तांदूळ वाऱ्यावर सोडत होती. साडीचा पदर एकीकडे उडालेला, डोळे बारीक केलेले, तोंड मिटलेलं. आणि तिच्याभोवती कागदभर ठिपकेच ठिपके. हा कागद म्हणजे मिरचीच्या पुडीचा असावा असं मधुकररावांनी मनाशी ठरवलं. त्यांना तीन दिवस लागले. मोजायची सवय नव्हती, पण सातशेच्या खाली ठिपके नसतील. शेवटी म्हातारी अशी उभी राहिली की तिच्यामागं कुठं काही नाही. सूप, पदर, सुरकुत्या, आणि चहूकडे शुभ्र पांढरं. ते स्वतःच बराच वेळ बघत बसले. आपल्या हातून आजवर झालेलं हे सगळ्यात स्वच्छ काम, असं त्यांना वाटलं.

ब्लॉक तयार झाले नव्हते. त्याआधी निगेटिव्हवरून फोटोच्या कागदावर नमुने काढले आणि चंपतरावाच्या हाती दिले. तो ते बघून हरखून गेला. त्यानं मधुकररावांचे दोन्ही हात धरले आणि तसेच सोडून दिले.

पाच दिवसांनी तो परत आला. आता रोवण्याचे, धानाच्या लावणीचे दिवस होते. पायांना चिखल सुकलेला, चेहरा मात्र पडलेला. येऊन उभाच राहिला.

"काय झालं? पसंत नाही पडले?"

"पडले जी. अकरा पडले. लय खूश झाली. कोंबडीले तं हसली." चंपतरावानं बारावा नमुना पिशवीतून काढला. "हे पाहून म्हने, कोंडा कुठं गेला?"

"कोणता कोंडा?"

"सुपातून उडते तो. म्हने, आमची भीमाबाई असं रिकामं सूप घेऊन काहून उभी हाये? नवस फेडून राहिली का?"

भीमाबाई म्हणजे ती म्हातारी. त्यांच्या घराशेजारी राहणारी. मधुकरराव म्हणाले, "तो मळ होता. मिरचीच्या पुडीचा कागद असला की असाच..." आणि बोलता बोलता त्यांनी कपाटातून मूळ चित्र काढलं, खिडकीशी नेलं, भिंग डोळ्यावर ओढलं.

मळ नव्हता. निदान सगळा नव्हता. मळाचा डाग कागदात मुरतो, त्याची कड पसरते. हे ठिपके पेन्सिलीच्या टोकाचे होते, वर बसलेले, चकाकणारे. काही गोल, काही तिळासारखे लांबट. त्यांच्यातच खरा मळही मिसळला होता, आणि त्यांनी दोघांना एकाच कुंचल्यानं बुजवलं होतं. तीन दिवस बसून, मन लावून, एकही न सोडता.

मधुकररावांचे कान गरम झाले. सत्तावीस वर्षांत छापखान्यानं त्यांचं काम परत पाठवलं नव्हतं. चूक झाली असं म्हणायला त्यांची जीभ वळेना. ते म्हणाले, "ठेवा इथं. पाहतो."

"रागावू नका जी," चंपतराव म्हणाला. "तिनं सांगतलं, त्याईले काही म्हनू नका, त्याईनं लय मेहनत केली. कोंडा नसला तरी चालते म्हने."

हे ऐकून मधुकररावांना जास्तच लागलं.

त्या संध्याकाळी ते जेवायला बसले आणि घास हातात धरून थांबले. वच्छलाबाईंनी कारण विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. ओपेकचा रंग पाण्यानं निघतो. ओल्या कापसानं पुसला की सातशेच्या सातशे ठिपके परत येतील. पण त्यातला कोंडा कोणता आणि मळ कोणता? भिंगातून अर्धे कळतात, अर्धे नाही कळत.

"मग त्या बाईलेच विचारा," वच्छलाबाई म्हणाल्या.

"तिनं काढले त्याला वर्ष झालं असेल. तिला काय आठवणार?"

"आठवते की नाही ते तिले ठरवू द्या. तीन महिने तुम्ही तिचे चित्र घासून राहिले अन् तिला एक शब्द विचारला नाही. सगळं तिच्या नवऱ्याच्या तोंडून." त्यांनी ताटातली वाटी उचलली. "मी तुमच्या शर्टाचं बटण लावतानाही विचारते, पांढरं लावू की काळं."

दुसऱ्या दिवशी मधुकररावांनी कार्ड लिहिलं. आयुष्यात प्रथमच त्यांनी कामाच्या पत्रात 'माझ्या हातून चूक झाली' असं लिहिलं, आणि सौ. गोपिकाबाईंना घेऊन यावं, अशी विनंती केली. संपादकांकडे स्वतः जाऊन महिनाभराची मुदत मागून घेतली.

रोवणा आटोपला, पोळा झाला, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोघं आले. त्या दिवशी महालात पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे अक्राळविक्राळ पुतळे निघालेले, ढोल वाजत होते, माणसं गच्चीवरून ओणवी झाली होती, आणि रोगराई-इडापिडा घेऊन जा गे मारबत म्हणून सगळी गल्ली ओरडत होती. कारखान्यातली माणसं मिरवणूक बघायला गेली होती. आत मधुकरराव एकटे बसले होते, नवा धुतलेला शर्ट घालून.

गोपिका चाळिशीची, सावळी, लहानखुरी बाई होती. दारात चपला काढून आत आली, आणि कोणाकडे न बघता आधी कॅमेरा बघून घेतला, मग कुंड्या, मग टेबल. तिच्या बघण्यात चोरटेपणा नव्हता. बाजारात बैल बघावा तसं ती एकेक वस्तू बघत होती.

"बसा बाई," मधुकरराव म्हणाले. त्यांनी दिवा लावला आणि काचेवर म्हातारीची निगेटिव्ह ठेवली. ओपेक आधीच धुऊन टाकलं होतं. काळ्या फिल्मवर उजेडाची म्हातारी आणि उजेडाचे सातशे ठिपके.

गोपिका वाकली.

"काळ्याचं पांढरं झालं," ती हळू म्हणाली. "जशी अमोशेची रात, नुसत्या चांदण्या."

"छापल्यावर उलटं होते. हे चमकून राहिलं ते काळं निघेल."

"समजलं."

त्यांनी तिला मूळ चित्र बाजूला दिलं, भिंग दिलं, कुंचला स्वतःच्या हातात धरला. "आता तुम्ही सांगा. कोंडा कोणता ते सांगा, तो मी सोडतो. बाकीचा बुजवतो. घाई नाही. आठवेल तेवढं सांगा."

गोपिकानं भिंग बाजूला ठेवलं. बोट काचेला न लावता, वरूनच फिरवू लागली. "हा कोंडा. हा कोंडा. हा... नाही, हा मळ. हे तीन कोंडा. हा तांदूळ हाये, खाली पडून राहिला, याले राहू द्या. हा मळ. हा माशीनं केला."

ती इतक्या भराभर सांगत होती की मधुकररावांचा कुंचला मागं पडू लागला. पन्नासएक ठिपक्यांनंतर त्यांना राहवेना. "बाई, वर्षापूर्वीचा एकेक ठिपका तुम्हाला आठवते?"

गोपिकानं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं. "आठवते कायले जी? हवा पाहा नं."

"हवा?"

"भीमाबाईचा पदर कोणीकडे उडून राहिला? इकडे. म्हणजे हवा तिकडून आली. कोंडा हलका, तो पदराच्या बाजूनंच जाईल. अन् सुपाच्या जवळ दाट, दूर गेला की पातळ. तांदूळ जड, तो सरळ पायाजवळ पडते. आता हा पाहा." तिनं म्हातारीच्या पाठीमागचा एक ठळक ठिपका दाखवला. "हा हवेच्या उलटा बसला. कोंडा हवेच्या उलटा कसा जाईल? हा मळच हाये."

मधुकरराव निगेटिव्हकडे बघत राहिले. बाहेर ढोल जोरात वाजत होते. ज्या ठिपक्यांकडे त्यांनी तीन दिवस भिंगातून पाहिलं होतं, ते आता भिंगाशिवाय, एकदम, सुपापासून निघून पदरावरून लांब कागदाच्या कडेपर्यंत जाताना दिसले. विरळ होत जाणारा, तिरपा, मोकळा झोत. त्यात नसलेले ठिपके आपोआप वेगळे पडले. त्यांच्या लक्षात आलं की तीन दिवस आपण ठिपक्यांकडे पाहत होतो, म्हातारीकडे एकदाही पाहिलं नाही.

"माझ्या हातून मोठी चूक झाली बाई," ते म्हणाले. कार्डात लिहिलं होतं, पण तोंडानं म्हणणं वेगळं.

"हो," गोपिका म्हणाली. तिनं ते उडवून लावलं नाही, आणि मधुकररावांना ते बरं वाटलं. मग तीच म्हणाली, "पन तुम्ही ठिपके पुसले म्हनून मले भीमाबाईचा चेहरा नीट दिसला. कागदावर तो मलेही दिसला नव्हता. ती घाबरल्यासारखी हाये. डोयात कोंडा जाईल म्हनून."

पुढचं काम दोघांनी मिळून केलं. मधुकरराव आता स्वतःच म्हणत, "हा मळ?" आणि ती मान हलवी. दोनदा ते चुकले, एकदा ती चुकली. चंपतराव दाराशी उभा राहून एक डोळा मारबतीवर आणि एक टेबलावर ठेवून होता. मध्येच कोणीतरी बाहेरून त्याला ओढून नेलं आणि तो डोक्यावर गुलाल घेऊन परत आला.

म्हातारी झाल्यावर गोपिकानं बाकीच्या अकरा निगेटिव्ह बघायला मागितल्या. गायीपाशी ती थांबली आणि पदर तोंडाला लावून हसू लागली.

"काय झालं?" मधुकरराव टेबलावर ओणवे झाले.

"गायले दोरी कोनं बांधली जी?"

गायीच्या गळ्यापासून कागदाच्या कोपऱ्यापर्यंत एक बारीक रेघ गेली होती. मधुकररावांनी ती किती जपून ठेवली होती. आजूबाजूचा मळ काढताना तिला धक्का लागू नये म्हणून श्वास रोखून काम केलं होतं.

"हे कागदाची घडी हाये," गोपिका म्हणाली.

चंपतराव जवळ आला, पाहिलं, आणि त्याचा चेहरा चोरासारखा झाला. पहिल्यांदा संपादकांकडे जाताना ती घडी त्याच्याच हातून पडली होती. पिशवी सायकलवरून घसरली होती आणि घरी त्यानं सांगितलं नव्हतं. आता सांगावं लागलं. गोपिका त्याच्याकडे बघत राहिली, आणि मधुकररावांना वाटलं की आता हा पुन्हा दोन दिवस अबोल्यात जाणार.

त्यांनी घाईनं कुंचला रंगात बुडवला. "आत्ता काढतो. एक मिनिटाचं काम आहे."

"राहू द्या," गोपिका म्हणाली. "बांधलेली गाय दिसते. नाहीतरी ती लय पयते. आठवड्यातून दोन डाव कोंडवाड्यातून सोडवून आनतो आम्ही तिले."

म्हणून ती घडी तशीच राहिली आणि दोरी म्हणून छापून आली.

दिवाळी अंक वसुबारसेला निघाला. संपादकांनी चारची सहा पानं केली होती. सुपाची म्हातारी पूर्ण पानभर होती, आणि कोंडा म्हातारीच्या डाव्या हातापासून पानाच्या टोकापर्यंत गेला होता. खाली बारीक टाईपात नाव होतं, सौ. गोपिका चंपतराव तितरमारे. मधुकररावांनी अंक घरी आणला. वच्छलाबाईंनी चष्मा लावून ते पान पाहिलं, आणि पदरानं स्वतःचे डोळे पुसल्यासारखं करून म्हणाल्या, "खरंच डोयात जाईल असं वाटते." नवऱ्याच्या कामाबद्दल त्या एवढं कधी बोलल्या नव्हत्या. मधुकररावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

कार्तिकात धान कापणीला आलं तेव्हा चंपतराव बोलावणं घेऊन आला. दोघांनी यायचंच, नाही म्हणायचं नाही. गावात अंक हातोहात फिरून त्याची पानं सुटली होती. भीमाबाईनं आपलं चित्र पाहून, मी एवढी म्हातारी नाही, म्हणून दोन दिवस भांडण केलं होतं आणि तिसऱ्या दिवशी ते पान आपल्या घरी नेलं होतं. संपादकांचं पत्र आलं होतं, पुढच्या वर्षीसाठी आणखी चित्रं मागणारं. पण हे सगळं त्यानं सांगितलं ते बोलावणं कबूल करून घेतल्यावर.

एका रविवारी मधुकरराव आणि वच्छलाबाई सकाळच्या मोटारीनं निघून कुहीच्या फाट्यावर उतरले, आणि तिथून चंपतरावाच्या बैलगाडीतून त्याच्या गावी. नव्या तांदळाचा भात, वांग्याची भाजी, भिवापुरी मिरचीचा ठेचा. ठेच्यानं मधुकररावांना घाम फुटला, तरी त्यांनी दुसऱ्यांदा मागितला. जेवणानंतर चंपतराव त्यांना बांधावरून शेत दाखवायला घेऊन गेला. पिवळंधमक धान वाऱ्यानं एका बाजूला झुकत होतं. मधुकरराव मध्येच थांबले.

"हवा कोणीकडून आहे?" त्यांनी विचारलं.

"पूर्वेकडून," चंपतराव म्हणाला. "काहून?"

"काही नाही. उगीच."

ते परत आले तेव्हा अंगणात दोघी बायका समोरासमोर बसल्या होत्या. वच्छलाबाई पाटावर, पाठ ताठ करून, हात मांडीवर ठेवून. सकाळी गाडीत लागलेली धूळ अजून केसांवर होती. समोर गोपिका एक पाय दुमडून, मांडीवर फळी ठेवून. पेन्सिलीचा आवाज येत होता.

"यांनीच म्हटलं," गोपिका मान वर न करता म्हणाली, "माहं काढते का म्हनून."

मधुकरराव हळूच मागं जाऊन उभे राहू लागले, तशी ती म्हणाली, "आता नका पाहू जी." ते निमूट बाजूला झाले आणि चंपतरावाजवळ खाटेवर बसले. चंपतरावानं तंबाखूची चंची काढून पुढं केली. मधुकरराव तंबाखू खात नसत, पण त्यांनी चिमूटभर घेतली.

लांबून मोटारीचा भोंगा ऐकू आला. चंपतरावानं कान दिला.

"चारची नागपूरची गाडी," तो कुजबुजला. "फाट्यावर आली. पळालो तं सापडेल."

मधुकररावांनी बायकोकडे पाहिलं. एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला इतका वेळ एका जागी बसलेलं पाहिलं नव्हतं. तिच्या वरच्या ओठाजवळ एक तीळ होता. तो त्यांना माहीत होता, पण आज ते त्याकडे बराच वेळ पाहत राहिले. भोंगा पुन्हा वाजला आणि दूर गेला.

"गेली का गाडी?" वच्छलाबाईंनी ओठ न हलवता विचारलं.

"गेली," मधुकरराव म्हणाले.

"दुसरी कधी हाये?"

"सहाले," चंपतराव म्हणाला.

"मग बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि हनुवटी थोडी वर उचलून पुन्हा स्थिर बसल्या.